तिथल्या जानेवारीत हिवाळा नसतो

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्रलेखक ३४ वर्षांचे, नागपूरचे. दहा वर्षं लग्नांची आणि जाहिरातींची शूटिंग केल्यावर आता पहिला मराठी सिनेमा करायचा आहे. गोष्ट अशी: नागपूरच्या महाल भागातल्या एका सावजी (झणझणीत नागपुरी जेवणाच्या) खानावळीचा मुलगा समुद्रकाठच्या हॉटेलात आचारी होतो, वडील गेल्यावरही परत येत नाही, आणि वर्षभरानं धाकटी बहीण त्याला शोधायला निघते. पहिल्या खर्ड्यात हे हॉटेल मालवणला होतं. "परदेशी लोकेशन असलं की सिनेमा मोठा दिसतो, शिवाय तिकडचं सरकार ४० टक्के पैसे परत देतं," असं एका ओळखीच्या निर्मात्यानं सांगितल्यावर ते मॉरिशसला गेलं. एकूण बजेट १ कोटी १० लाख. त्यातले ४८ लाख बेटावरच्या १४ दिवसांसाठी, २२ माणसांसाठी. शूटिंग जानेवारीत, कारण "हिवाळा, हवा छान". नायक पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांत काम करणारा मित्र आहे, तो यंदाचा नाटकांचा हंगाम सोडायला तयार आहे. पैसे कमी पडतात म्हणून वडिलांच्या नावावरचा बेसा इथला प्लॉट विकायचा विचार आहे. वडील म्हणाले, "तुझं तू बघ." बायकोचा विरोध आहे. ते विचारतात: हे धाडस करावं का, की मालवणला परत जावं?

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना सोबत कागद घेऊन तुमचे आकडे मांडत गेले. तुम्ही धाडसाबद्दल विचारलंय, पण तुमच्याजवळ धाडस कमी नाही. दहा वर्षं लग्नाच्या मांडवात पहाटेपर्यंत कॅमेरा खांद्यावर घेणाऱ्या माणसाला ते मी काय शिकवणार? मला काळजी आहे ती तुमच्या नियोजनातल्या तीन गोष्टींची. त्या तुम्ही तपासून न पाहता खऱ्या मानल्या आहेत.

सगळ्यात सोपी आधी घेते. जानेवारी.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. आपल्याकडे स्वेटर निघतात तेव्हा तिथे भर उन्हाळा असतो, दमट आणि पावसाळी. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ, त्यातही जानेवारी ते मार्च सर्वांत धोक्याचा. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल नावाच्या वादळात राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या पाण्यात तरंगत होत्या. वादळाच्या इशाऱ्यांचे तिथे वर्ग असतात. वरचा वर्ग जाहीर झाला की दुकानं, शाळा, बस सगळं बंद होतं आणि माणसांनी घरात थांबायचं असतं. तुमच्या चौदा दिवसांतले चार दिवस असे गेले तर २२ माणसांचं हॉटेल, जेवण आणि भत्ता चालूच राहील, कॅमेरा मात्र पेटीत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका मालिकेच्या शूटिंगसाठी मी प्रॉडक्शन सांभाळायला श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर गेले होते. जूनचा महिना होता. आखणी करणाऱ्या संस्थेनं "सीझन नाही, स्वस्तात होईल" असं सांगितलं आणि आम्ही कुणीच विचारलं नाही की सीझन का नाही. मे ते सप्टेंबर तिथे नैऋत्य मोसमी पाऊस असतो. नऊ दिवसांत धड ऊन अडीच दिवस मिळालं. त्याच दिवसांत पूर्व किनाऱ्यावर, त्रिंकोमालीकडे, कोरडं हवामान होतं. बेट तेच, किनारा चुकला. तेव्हापासून कुणी "स्वस्त महिना" म्हटलं की मी आधी पाऊस आणि वारा विचारते.

आता जमेची बाजू बघा. नागपूर साधारण २१ अंश उत्तरेला आहे आणि मॉरिशस २० अंश दक्षिणेला. विषुववृत्तावर कागद दुमडला तर दोन्ही जवळपास एकाच रेषेवर येतील. म्हणजे मे-जूनमध्ये तिथे जे ऊन असतं ते आपलं नोव्हेंबर-डिसेंबरचं ऊन: तिरपं, मऊ, दुपारी बारालाही चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळ्या खाचा न पाडणारं. फरक एवढाच की सूर्य दक्षिणेऐवजी उत्तरेकडून जातो. आपल्या डीओपींना, म्हणजे मुख्य छायाचित्रकारांना, दक्षिणेच्या खिडकीतून येणाऱ्या हिवाळी उन्हाची इतकी सवय असते की तिथे पहिल्या दिवशी तेच गडबडतात. खोली निवडताना उत्तरेची खिडकी बघा. दिवसही तेवढाच लहान, अकरा तासांच्या आसपास उजेड. म्हणून या डिसेंबरात अंबाझरी तलावाच्या काठावर दोन दिवस टेस्ट शूट करा. कॉल टाइम (टीमनं हजर व्हायची वेळ) किती वाजता ठेवला तर दिवसात किती शॉट होतात, संध्याकाळचा सोनेरी उजेड किती मिनिटं टिकतो, हे नागपुरातच, चहाच्या खर्चात कळेल.

आणि तुमचा नायक! झाडीपट्टीचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. तुमच्या जानेवारीसाठी तो वर्षाची कमाई सोडायला निघालाय. मे-जूनमध्ये तो तसाही मोकळा असतो. मित्रानं "येतो" म्हटलं हे त्याचं मोठेपण झालं. पण त्याच्या घरी गडचिरोली-चंद्रपूरच्या रात्र-रात्रभराच्या प्रयोगांवर वर्ष निघत असेल, तर तो हंगाम तुमच्या सिनेमाचा न मांडलेला खर्च आहे. तारीख बदलली की तो खर्च नाहीसा होतो.

मे-जूनच्याही अडचणी आहेत. त्या महिन्यांत आग्नेयेकडून वारे वाहतात, पूर्वेचा किनारा झोडपून निघतो. पश्चिम किनारा, म्हणजे फ्लिक-आन-फ्लाक, तामारँ हा भाग, त्या मानानं आडोशाला आणि कोरडा; समुद्रावरचा सूर्यास्तही तिकडेच मिळतो. नैऋत्य टोकाचा ल मॉर्न डोंगर चित्रात देखणा दिसतो, पण त्याच्या पायथ्याशी वाऱ्यावर पतंग लावून लाटांवर खेळणारे जगभरातून येतात. याचा अर्थ तुमच्या साउंड रेकॉर्डिस्टनं समजून घ्यावा. संवादाचे प्रसंग तिथे ठेवू नका. मधल्या पठारावर क्युरपिपच्या बाजूला धुकं आणि पाऊस वर्षभर. किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना तासाभराच्या अंतरावर छत्री लागते. त्यामुळे रोजच्या कॉल शीटवर (दिवसाच्या कामाच्या वेळापत्रकावर) पावसाच्या दिवसासाठी एक आतला प्रसंग राखून ठेवा.

ऊस विसरू नका. त्या बेटाचं निम्मं चित्र उसाचं आहे. मे-जूनमध्ये ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, तुरे येतात, आणि जूनच्या सुमारास तोडणी सुरू होते. मंगळवारी तुम्ही भावाबहिणीला ज्या शेताच्या कडेनं चालवलं, ते शनिवारी तोडलेलं असू शकतं. उसाचे प्रसंग पहिल्या दोन दिवसांत उरका आणि त्या शेताची तोडणी कधी आहे हे मालकाला विचारून घ्या.

आता ४० टक्के.

मॉरिशस सरकारची चित्रपटांसाठी परताव्याची योजना खरी आहे, तिथलं आर्थिक विकास मंडळ ती चालवतं. पण तुमच्या बजेटमध्ये ४८ लाखांचे ४० टक्के, म्हणजे १९ लाख २० हजार, जमेच्या बाजूला लिहिलेले दिसतात. ते खोडा. परतावा मिळतो तो तिथे झालेल्या आणि नियमात बसणाऱ्या खर्चावरच. नागपुरात दिलेलं मानधन, इथे घेतलेलं सामान त्यात आपोआप येत नाही. दर ३० ते ४० टक्क्यांचा आहे आणि वरच्या दराला मोठ्या खर्चाच्या अटी आहेत. किमान किती खर्च केला तर अर्ज घेतात, तिथेच लहान सिनेमे अडतात. अर्ज शूटिंगच्या आधी, तिथल्या कंपनीमार्फत करावा लागतो आणि पैसे हिशेबांचं ऑडिट झाल्यावर येतात. समजा तुम्ही पात्र ठरलात, ४८ पैकी ३० लाख नियमात बसले आणि दर ३० टक्के लागला, तर परत येतील ९ लाख. तेही शूटिंग संपून काही महिन्यांनी, एडिटिंगचं बिल तोंडाशी असताना. तुमच्या कागदावर आज दहा लाखांचं भगदाड आहे, आणि ते बुजवायला बेसाचा प्लॉट आहे हे माहीत असल्यानं ते तुम्हाला दिसत नाही, असं मला वाटतं.

ज्या निर्मात्यानं हा आकडा सांगितला त्याच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण परताव्याचं मंजुरीपत्र हातात येईपर्यंत तो शून्य धरायचा. असा परतावा देणारे देश बरेच आहेत, आणि मला येणाऱ्या पत्रांत ही एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते: सवलत आधी मोजली जाते, खर्च नंतर.

तिसरी गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण माझं मन तिच्यातच अडकलंय. तुमची गोष्ट मालवणची मॉरिशसला गेली तेव्हा तिच्यात नेमकं काय बदललं? तुम्ही पाठवलेल्या सारांशावरून तरी मला फक्त पाण्याचा रंग बदललेला दिसला. भाऊ तसाच रुसलेला, हॉटेल तसंच, बहीण तशीच. एवढ्यासाठी ४८ लाख देऊ नका. मालवणचा समुद्र हे काम चोख करेल, आणि प्रेक्षक बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत असेल तर पाणी किती निळं आहे हे त्याच्या लक्षातही येणार नाही.

पण त्या बेटावर मराठी माणसं राहतात, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. पर्यटक म्हणत नाही मी. १८३४ पासून गिरमिटिया, म्हणजे करारानं बांधलेले मजूर म्हणून हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख माणसं तिथे उसाच्या मळ्यांवर गेली. त्यात मुंबई बंदरातून गेलेले मराठी होते, मुख्यतः कोकणातले आणि पश्चिम महाराष्ट्रातले. त्यांचे वंशज आज घरात क्रिओल बोलतात, शाळेत इंग्रजी-फ्रेंच शिकतात, आणि गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातल्या जाखडीशी नातं सांगणारा झाकरी नाच त्यांच्याकडे टिकून आहे. मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवतात. पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे, २००६ पासून जागतिक वारसा स्थळ. बोटीतून उतरलेली माणसं तिथल्या दगडी पायऱ्या चढून वर यायची, मग त्यांची नोंद व्हायची.

आता तुमचा आचारी पुन्हा बघा. घर सोडून आलेला, बापाच्या हातची सावजी चव विसरायला निघालेला मुलगा. त्याच्या हॉटेलात भांडी घासणारी म्हातारी क्रिओल बोलते, पण संध्याकाळी आरती मराठीत म्हणते, अर्थ पुरता कळत नसताना. रस्त्यावर तो ढोल-पुरी खातो. आपल्याकडच्या बिहारी माणसांची डाळपुरीच ती, पावणेदोनशे वर्षांत नाव जरासं वाकलं पण पदार्थ राहिला. ज्यांना परत येता आलं नाही अशांच्या नातवंडांमध्ये तो राहतोय, आणि स्वतः मात्र मुंबईमार्गे दोन विमानांत नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरू शकत असूनही येत नाहीये. अशी गोष्ट असेल तर ती मालवणात घडूच शकत नाही. मग खर्चालाही कारण आहे.

मी तुमची पटकथा लिहून देत नाहीये. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. पण बेट काढून घेतल्यावर गोष्ट पडते का, हे तुम्ही आणि तुमचा लेखक एक संध्याकाळ बसून प्रामाणिकपणे ठरवा. पडत नसेल तर मालवणला जा, त्यात माघार कसली? पडत असेल तर पुढचं वाचा.

आणि त्या माणसांकडे जायचं ठरलं तर नीट जा. पूर्वजांची गोष्ट सांगताना तुमच्या पात्राचा पणजोबा उमरेडहून गेला असं सहज लिहू नका. विदर्भातून गेलेला माणूस दाखवायचा तर तो मुंबईच्या बंदरापर्यंत कसा पोचला हे सांगावं लागेल. आप्रवासी घाटावर किंवा ल मॉर्नवर शूटिंगसाठी वेगळी परवानगी लागते, आणि ल मॉर्न हा पळून आलेल्या गुलामांच्या आसऱ्याचा डोंगर आहे. त्याच्यापुढे गाणं लावून नाचवायचं असेल तर मी तुमच्या बाजूनं नाही.

चौदा दिवस आणि २२ माणसं मला जास्त वाटतात. हॉटेलचं स्वयंपाकघर, आचाऱ्याची खोली, फोनवरचे सगळे संवाद नागपुरात होतील. सीताबर्डीवरच्या एखाद्या हॉटेलचं किचन रात्री अकरानंतर मिळतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. बेटावर फक्त ते न्या जे बेटाशिवाय होत नाही: समुद्र, ऊस, घाट, वस्ती, तिथले चेहरे. माझ्या अंदाजानं सात शूटिंगचे दिवस, एक पावसाचा राखीव आणि बारा माणसं. लाइट्स आणि ग्रिप (कॅमेरा टेकवायचं-हलवायचं सामान) तिथे भाड्यानं घ्या, कॅमेरा आणि लेन्स इथून न्या. छोट्या भूमिकांसाठी तिथले मराठी लोक घ्या. त्यांच्या तोंडची मराठी आपल्या कुठल्याही नटाला जमणार नाही.

पहिला खर्च मात्र रेकीचा, म्हणजे शूटिंगच्या जागा आधी जाऊन तपासण्याचा. तुम्ही आणि डीओपी, दोघंच, सहा दिवस, आणि शक्य तर शूटिंगच्याच महिन्यात, आदल्या वर्षी. त्यासाठी सिनेमा एक वर्ष लांबला तरी चालेल. फोटो काढत फिरणं म्हणजे रेकी नव्हे. प्रत्येक जागी सकाळी, दुपारी, संध्याकाळी उभं राहा, पाच मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करा, जवळचं स्वच्छतागृह कुठे आहे ते लिहा, टेम्पो कुठवर येतो ते बघा. दक्षिणेला सुइयाकजवळ ग्री-ग्री नावाचा कडा आहे. बेटाभोवतीची प्रवाळाची भिंत तिथे नाही, त्यामुळे लाटा थेट खडकावर आपटतात. दिसायला जबरदस्त, पण तिथे नटाला पाण्यात उतरवायचं नाही, हे रेकीतच ठरलं पाहिजे, सेटवर उत्साहाच्या भरात नव्हे.

कागदांचं भराभर सांगते. भारतीयांना पर्यटक म्हणून तिथे जाणं सोपं आहे म्हणून कॅमेरा लपवून पर्यटकासारखं शूट करायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका. शूटिंगची रीतसर परवानगी, ड्रोनची वेगळी परवानगी, दोन्ही तिथल्या लाइन प्रोड्युसरमार्फत, म्हणजे शूटिंगची स्थानिक व्यवस्था बघणाऱ्यामार्फत. सामानासाठी एटीए कार्नेट काढा, म्हणजे सामान कर न भरता तात्पुरतं परदेशात नेण्याचा कागद; आपल्याकडे तो फिक्की ही उद्योग-संघटना देते. प्रत्येक लेन्सचा सिरियल नंबर यादीत हवा, आणि जाताना-येताना दोन्ही देशांच्या कस्टममध्ये शिक्के मारून घ्यायचे. पहाटेच्या विमानाच्या घाईत एक शिक्का राहिला तर नंतर कर भरायची पाळी येते. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात, चेक-इनमध्ये नाही. १०० वॉट-अवरच्या आतल्या घ्या, त्याहून मोठ्यांना विमान कंपनीची मंजुरी लागते आणि १६० च्या वरच्या नेताच येत नाहीत. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, पण प्लग वेगळे. परदेशात पैसे पाठवण्याआधी बँक आणि सीए, दोघांनाही विचारा.

नागपूरच्या टीमला आणखी एक गोष्ट नवी असेल. आपला मे ४५ अंशांचा, पण कोरडा; लेन्सवर दव धरत नाही. तिथे एसी खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की काच आतपर्यंत धुरकट होते. बॅग बंद ठेवूनच बाहेर आणा आणि पाऊण तासानं उघडा. खारा वारा लागलेलं सामान रोज रात्री पुसायचं, कितीही थकलात तरी. फुटेजच्या तीन प्रती, आणि परतताना त्या तीन वेगळ्या माणसांच्या बॅगेत.

श्रीलंका की मालदीव, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. मालदीवमध्ये बहुतेक रिसॉर्ट स्वतंत्र बेटावर असतात, दर हालचालीला बोट लागते. तुमची गोष्ट कष्टकऱ्यांची आहे, तिथे ती मावणार नाही. श्रीलंका जवळ आहे, घड्याळही आपलंच चालतं, आणि नुसता समुद्र आणि हॉटेल हवं असेल तर तो चांगला पर्याय आहे. फक्त महिना आणि किनारा जुळवून घ्या: पश्चिम-दक्षिण किनारा डिसेंबर ते मार्च, पूर्व किनारा मे ते सप्टेंबर.

राहिला प्लॉट. बाबा म्हणाले "तुझं तू बघ", आणि तुम्ही पत्रात त्याला होकार म्हटलंय. मला त्या तीन शब्दांत होकार ऐकू येत नाही. आपल्या घरांतले वडील नाही म्हणायचं नसलं आणि हो म्हणवत नसलं की असंच बोलतात. त्यांच्यासमोर कागद घेऊन बसा. नवा आकडा मांडा, परतावा शून्य धरून. बायकोलाही तेव्हाच बसवा. तुमच्या पत्रात "तिचा विरोध आहे" एवढंच आहे, तिची कारणं एका ओळीतही नाहीत. कदाचित तिनं हिशेब तुमच्याआधी केला असेल. सात दिवस आणि बारा माणसं धरून बेटाचा खर्च पंचवीस लाखांच्या आसपास आला, तर प्लॉटला हात न लावता सिनेमा उभा राहतो का, ते बघा. महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना अनुदान देतं, त्यासाठी जरूर अर्ज करा, पण तेही सिनेमा झाल्यावर आणि परीक्षणातून गेल्यावर मिळतं, त्यामुळे जमेत धरू नका. एवढं करूनही प्लॉट विकल्याशिवाय भागत नसेल, तर या वर्षी बेट नको, मालवणच.

आणि जे काही ठरेल ते आधी तुमच्या त्या मित्राला कळवा. झाडीपट्टी नाटकांचं केंद्र असलेल्या वडशाच्या नाटक मंडळ्या दिवाळीआधीच आपले कलावंत बांधून घेतात. जानेवारी रद्द झाल्याचं त्याला उशिरा कळलं, तर हंगामही गेला आणि सिनेमाही, असं त्याचं व्हायला नको. आजच फोन करा.